फळी एवढीच होती

नवा सरपंच झाला की पहिले आठ-पंधरा दिवस त्याचा खांदा रिकामा नसतो. सोसायटीची शाल, तालमीची शाल, भजनी मंडळाची शाल, कुणाच्या तरी मेव्हण्याची शाल. आमच्या बाईंनाही अशा शाली आल्या. पुढं ज्यांचं नाव ‘नाही’ म्हणण्याबद्दल तालुक्यात झालं, त्यांनी शालींना मात्र एकदाही नाही म्हटलं नाही. सगळ्या घेतल्या. फोटोत तेवढ्या हसल्या नाहीत. नारळ तिथल्या तिथं फोडून वाटले, आणि पुढच्या सोमवारी ग्रामपंचायतीत आल्या त्या काखेत पिशव्यांची चळत घेऊन. शाली कापून, मशीनवर शिवून, वर बंद लावून केलेल्या पिशव्या. तालमीतला एक पैलवान दाखल्यासाठी आला होता, त्यानं आपली केशरी शाल बरोबर ओळखली.

“बाई, ही तर आमची!”

“तुमचीच. आता हिला काम लागलं.”

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. गावच्या मराठी शाळेत त्यांनी उभी हयात काढली. आज मिशीला पीळ देणारे निम्मे बाप्ये त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झालेले. चर्चच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचं घर, मालक वारलेले, लेक नगरला नागापूरकडं दिलेली, जावई तिथल्या कारखान्यात. रिटायर होऊन वर्ष झालं असेल-नसेल तोवर सरपंचपद बाईमाणसासाठी निघालं. गावातल्या दोन्ही पार्ट्यांचं एकमेकींच्या नावावर काही केल्या जमेना, तेव्हा तोडगा म्हणून बाईंचं नाव पुढं आलं. वय झालेलं, एकटा जीव, मागं कुणी न्हाई, दाखवू तिथं सही करतील असा दोघांचाही हिशेब. मी आमच्या वस्तीवरून सदस्य झाले तीही अशीच. फरक एवढाच, की मी खरंच दाखवतील तिथं सही करत होते.

त्या सोमवारी पिशव्यांच्या मागोमाग एक फळी आली. शाळेची जुनी फळी, पोरं दप्तरं अडकवायची ती. सुताराला सांगून बाईंनी ती आपल्या खुर्चीमागं भिंतीत ठोकून घेतली. तिला खुंट्या पाच. गावानं सांगितलेलं जे काम हातात घेतलं, त्याचे कागद एका पिशवीत आणि पिशवी खुंटीवर. खुंट्या भरल्या की सहावं काम घ्यायचं नाही. कोण कितीही मोठा असो, त्याला उत्तर एकच: “खुंटी नाही.” काम पुरं झालं की कागद कपाटात आणि रिकामी पिशवी ज्यानं काम सांगितलं त्याच्या हातात. खूण म्हणून न्यायची. आमच्या गावात आजही दळण आणायला, बाजाराला जाणाऱ्या बायांच्या हातात शालींच्या पिशव्या दिसतात त्या ह्या.

दाखले, उतारे, सह्या यांना खुंटी लागत नव्हती. ते रोजच्या रोज. खुंटी लागायची ती ज्याच्यामागं बाईंना स्वतः हिंडावं लागे अशा कामाला.

उपसरपंच एकदा म्हणाले, “बाई, पाचच का? दहा ठोकू की.”

बाई म्हणाल्या, “फळी एवढीच होती.”

यात काही खोल अर्थ असेल म्हणून मी पुष्कळ दिवस डोकं खाजवलं. पण फळी खरंच तेवढीच होती.

आणखी एक नियम होता आणि खरी गोम त्यातच. तुमचं काम दुसऱ्यापेक्षा निकडीचं वाटत असेल तर खुशाल एखादी पिशवी उतरवा आणि आपली लावा. बाई अडवणार नाहीत. पण ज्याची पिशवी उतरवली त्याच्याकडं जाऊन, समोर बसून, “मी तुमची उतरवली” हे तुम्हीच सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही, फोन चालणार नाही.

फोनवरून आठवलं. बाईंचा मोबाईल सकाळी अकरापर्यंत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायचा. आत तो कोकलत राहायचा, डबा टेबलावर थरथर सरकायचा आणि बाई शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायच्या. अकराला झाकण काढायच्या. “एवढ्या वेळात मेला असता कुणी तर?” असं ग्रामसेवकानं विचारलं, तर म्हणाल्या, “मेला असता तर पळत आले असते. फोन करणारे सगळे जिवंत आहेत.”

‘बघू’ हा शब्द त्यांनी ऑफिसात बंद केला होता. पुढाऱ्याचा निम्मा कारभार ह्याच एका शब्दावर चालतो, तोच बंद. मासिक सभेत कुणी “बघू, करू, होऊन जाईल” असं म्हटलं की बाई पेन खाली ठेवायच्या. “बघायचं ते बघून झालंय. होय का नाही?” माणसं चुळबुळ करायची. नाही म्हणायला आमच्या लोकांच्या जिवावर येतं. जेवून आलेला माणूससुद्धा आग्रहाला नाही म्हणत नाही, दोन घास खातोच आणि मग रात्रभर पोट धरून बसतो.

लग्नांचं सांगितलं नाही तर बाई पुऱ्या होणार नाहीत. आमच्या भागात लग्नसराईत पुढाऱ्याचे हाल कुत्रं खात नाही. दिवसाला दहा-दहा लग्नं. मांडवात शिरला की माईकवाला नाव पुकारतो. मग आशीर्वादाचं भाषण, त्याच्यामागं दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही अंगाला घामानं निथळतायत, मूठभर अक्षतांचा लोकांच्या हातात भात झालाय, आणि हा पठ्ठ्या निघाला पुढच्या मांडवाला. बाईंनी पहिल्याच ग्रामसभेत उभं राहून सांगून टाकलं, “मी मयताला येईन. लग्नाला येणार नाही. लग्नात मी नसले तर एक ताट वाचतं. मयताच्या घरात मात्र कागदाचं बघणारं माणूस लागतं.” दहाव्याच्या भाषणांनाही त्या जात नसत. तिसऱ्या दिवशी, गर्दी पांगल्यावर जायच्या, सतरंजीच्या कोपऱ्यात बसायच्या, नोंदीचं काय लागतं ते विचारून उठायच्या.

एकानं त्यांना पेचात पकडायला म्हणून मुलीच्या पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’खाली त्यांचं नाव छापलं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या ओट्यावर हजर. “वाटायच्या राहिलेल्या पत्रिका आणा.” त्यानं गठ्ठा आणला. बाईंनी पर्समधून पट्टी आणि पेन काढलं, एकेक पत्रिका मांडीवर घेतली आणि पट्टी लावून आपलं नाव खोडलं. सगळ्या पत्रिका. मध्ये घरच्या बाईनं चहा दिला तो घेतला. जाताना नवऱ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “सुखी राहा गं. तुझं ‘ळ’ अजून उलटं येतंय का?” मुलगी हसली, बाप हसला नाही. माझ्या पुतणीच्या लग्नालाही त्या आल्या नाहीत. मी दोन महिने फुगून होते. त्यांना ते कळलं तरी का, देव जाणे.

मग कमानीचं प्रकरण. गावातले एक वजनदार गृहस्थ, साखर कारखान्यावर ऊठबस असलेले, पांढऱ्या गाडीतून आले. वेशीवर वडिलांच्या नावानं कमान उभी करायची होती. तेही बाईंचेच विद्यार्थी.

“बाई, कमान म्हंजे गावाची शोभा हाय.”

“आहे. खुंटी नाही.”

“निधी मी आनतो वरून. तुमी नुसता ठराव घ्या.”

“निधी तू आणशील. जागेची भांडणं कोण मिटवणार? इंजिनियरच्या मागं कोण फिरणार? मीच ना? पाय दोनच आहेत मला. यातली कुठली उतरवू, तू सांग.”

गृहस्थ उठले, एका पिशवीत डोकावले. “ही शाळंच्या छपराची दिसती.”

“तीच. त्याच छपराखाली तू तिसरीत दोन वर्षं होतास.”

बाहेर बाकावर बसलेली माणसं खोकायला लागली. गृहस्थांनी पिशवीवरचा हात काढला. “बघू मंग,” म्हणाले आणि जीभ चावली. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

“न्हाई तर न्हाई, बाई.”

“शाबास. बस, चहा घे.”

बाईंची मुदत संपल्यावर ती कमान झाली. पहिल्याच हंगामात उसाच्या ट्रॉलीनं तिचा एक खांब खरवडला, तो अजून तसाच आहे. बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. राहिल्या असत्या तर पडल्याच असत्या, कारण नाही ऐकलेली माणसं होय ऐकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि सगळ्यांना मत असतं. आता त्या लेकीकडं राहतात. नागापूरच्या त्या धुरात काय जीव रमतो कोण जाणे. मी मधूनअधून फोन करते. अकरानंतरच करते.

आता माझं सांगते, कारण बाई मला खऱ्या समजल्या त्या ह्याच भानगडीत.

मला नाही म्हणता येत नव्हतं. एकदा तर एकाच दिवशी तिघींना आधार कार्डासाठी तालुक्याला घेऊन जाते म्हणाले, आणि त्याच दिवशी धाकट्या दिराबरोबर काष्टीच्या बाजारात शेळी बघायला गेले. तिघी फाट्यावर दुपारपर्यंत उभ्या. बाई मला म्हणाल्या होत्या, “वैनी, हो म्हणायला जीभ लागते, करायला पाय लागतात. तुमची जीभ चार माणसांची आहे, पाय एका बाईचे.” मी हसण्यावारी नेलं.

आमची वस्ती गावापासून आत, मळ्यात. गावाला जोडणारी पाणंद काळ्या मातीची. उसाच्या ट्रॅक्टरांनी तिच्यात गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पाडलेल्या. ट्रॅक्टरशिवाय दुसरं वाहन आत येत नव्हतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, खुब्यात मोडल्या तेव्हा चार जणांनी बाजेवर घालून त्यांना डांबरीपर्यंत नेलं. त्या वाटेत इतक्या ओरडल्या, की परत आल्यावर शपथच घातली: “आता बाजंवर मेल्यावरच.” ट्रॅक्टरात बसायचा प्रश्नच नव्हता, हिसक्यानं जीव जायचा. दोन वर्षं त्या घर आणि अंगण सोडून कुठं गेल्या नव्हत्या.

त्यांची एकच बहीण, धाकटी, पुणतांब्याला दिलेली. गोदावरीच्या काठाला घर. दोघी फोनवर बोलायच्या. दोघींना ऐकू कमी. ही म्हणायची, “कशी हाईस?” ती म्हणायची, “वांगी केली.” तरी अर्धा अर्धा तास चालायचं. बहिणीचं काळीज आजारी होतं, तिलाही प्रवास झेपत नव्हता. म्हणून आत्याबाईंनी एकच धोशा लावला होता: दारात जीप आली की मी एकदा पुणतांब्याला जाणार. मला सदस्य म्हणून मिळालेली हिरवी शाल होती, जरीच्या काठाची. ती त्यांनी मागून घेतली आणि उशाखाली ठेवून दिली. “बहिनीकडं जाताना पांघरीन,” म्हणाल्या.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वस्तीवरच्या सगळ्या बायका जमल्या. तिळगूळ देता देता जीभ सुटली. “यंदा पावसाच्या आत पाणंद झालीच समजा,” मी म्हणाले. आत्याबाई आतून बाजेवरून म्हणाल्या, “जित्तीपणी?” मी म्हणाले, “तुमाला जीपमधी बसवते, आत्याबाई.” बायकांनी माझ्याकडं अशा कौतुकानं बघितलं, की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी बाईंकडं गेले. त्यांनी मागं न वळता सांगितलं, “खुंटी नाही.”

“बाई, मी शब्द दिलाय.”

“शब्द तुम्ही दिलाय. खुंटी माझ्याकडं आहे.”

मला राग आला. इतका की घरी येऊन मी आत्याबाईंच्या उशाखालून ती शाल काढली. म्हटलं, आधी रस्ता होऊ द्या, मग याच्यापेक्षा चांगली आणते. शाल कापली, पिशवी शिवली, पाणंदीचे कागद तिच्यात घातले. सोमवारी बाई यायच्या आधी ऑफिसात गेले आणि पहिली हाताला आली ती पिशवी उतरवून माझी लावली. उतरवलेली कपाटावर ठेवली. वाटलं, पाचांत एखादी बदलली तर कुणाला कळणार? अहो, वर्गातली चाळीस पोरं न मोजता एखादं कमी आहे हे जिला कळायचं, तिच्यापुढं मी ही हुशारी केली.

बाई आल्या. डबा टेबलावर ठेवला. खुर्चीत बसण्याआधी म्हणाल्या, “सिस्टरांची पिशवी कुणी उतरवली?”

मी म्हणाले, “मी.”

“हरकत नाही. जाऊन सांगून या. आत्ताच.”

उपसरपंच म्हणाले, “जा वैनी, जा. छडी खायच्या आत जा.”

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातली नर्स. कामाला वाघीण, बोलायला त्याहून. उपकेंद्राला पाण्याची लाईन नव्हती, तीच त्या पिशवीत होती. मी वाटेत मनाशी जुळवत गेले: सिस्टर, तुमचं काय, तुमी सरकारी माणूस, आज न्हाई तर उद्या होईल. पोचले तर दार अर्धवट लोटलेलं आणि आतून कण्हणं. बीडकडची एक ऊसतोडीची बाई अडलेली होती. नवरा कारखान्यावर मोळ्या घेऊन गेलेला, टोळीतलं एक म्हातारं माणूस बाहेर बिडी ओढत बसलेलं, त्याला एक हात नव्हता.

मी म्हणाले, “सिस्टर, मला एक सांगायचं—”

सिस्टरनी दारातून दोन बादल्या माझ्या हातात दिल्या. “आधी पाणी. मंग सांगा.”

हापसा शाळेच्या पलीकडं. मी बादल्या भरून आणल्या. “सिस्टर, ते पिशवीचं—” “अजून आना.” पुन्हा आणल्या. आठ खेपा झाल्या. पाचव्या खेपेला तळहात सोलले, सातव्या खेपेला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. आठव्या खेपेच्या पाण्यानं सिस्टरनी फरशी धुतली, हात धुतले आणि पदराला… पदर कुठला, त्या सरकारी कोटालाच हात पुसत बाहेर आल्या.

“हं. काय सांगत हुता?”

मी म्हणाले, “काही न्हाई. मुलगा का मुलगी?”

“मुलगी. रोज या की अशा, लई बरं हुईल,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं होतं का नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

ऑफिसात परत आले. बाईंनी विचारलं, “सांगितलं?”

“न्हाई.”

“मग?”

मी कपाटावरची पिशवी काढली, माझी उतरवली आणि सिस्टरांची जागेवर लावली. मला वाटलं, आता बाई काहीतरी चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, “आता वस्तीवर जाऊन सांगा. ते ह्याच्यापेक्षा अवघड आहे. आणि बघू म्हणू नका.”

“काय सांगू?”

“यंदा पावसाआधी नाही. पाण्याचं झालं की ती खुंटी तुमची. पुढच्या संक्रांतीच्या आत रस्ता. हे माझं म्हणून सांगा.”

वस्तीवर सगळ्या आमच्याच अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभी राहूनच सांगून टाकलं. मग माझी धाकटी जाऊ, जिची जीभ म्हणजे विळा, ती म्हणाली, “मंग हळदीकुंकवाला वाण म्हनून रस्ता वाटला हुता व्हय? परत करावा लागंल का?” बायका हसल्या. मीही हसले. न हसून करते काय? पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाजेवरून विचारलं, “किती दिस?”

“पुढली संक्रांत, आत्याबाई.”

“म्हंजे वरीस.” त्यांनी पुन्हा शेंगेत अंगठा घातला. “बरं. खरं सांगितलं ह्ये बरं केलंस.”

उशाखालच्या शालीचं त्यांनी विचारलं नाही.

वैशाखात उपकेंद्राला पाणी आलं. त्याच दिवशी माझी हिरवी पिशवी खुंटीवर गेली, मी आठवण न करता. पाणंदीच्या दोन्ही बाजूंनी लोकांनी बांध आत सरकवलेले. बाई एकेकाच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. माझा थोरला दीरही त्यातच होता. त्याला म्हणाल्या, “तू पाचवीत असताना बाकसुद्धा असाच बळकावायचास.” मोजणी झाली, पण तोवर पाऊस आला आणि पावसात मुरूम पडत नाही. काम दिवाळीच्या पुढं गेलं.

दसरा झाला आणि पुणतांब्याहून फोन आला. बहीण गेली. झोपेत गेली म्हणाले. पाणंदीत तेव्हा ट्रॅक्टरही फसत होता. आत्याबाई फोन कानाला धरून पुष्कळ वेळ बसल्या, पलीकडून फोन ठेवला होता तरी. आधी पाणंद धरली असती तर पावसाच्या आत झाली असती. हा हिशेब घरात सगळ्यांनीच मनातल्या मनात केला. मीही केला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. सुतक पुणतांब्याला, आमच्या घरी मयत नव्हतं, तरी आल्या. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आत्याबाईंच्या बाजेपाशी खाली बसल्या. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. बाई अर्धा तास तशाच बसून होत्या आणि उठून गेल्या.

संक्रांतीला पंधरा दिवस असताना रस्ता पुरा झाला. पुतण्यानं जीप दारात आणली. आत्याबाईंना आम्ही उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, पाठीला गोधडीची घडी दिली. त्या काचेतून मुरमाकडं बघत होत्या. जीप डांबरीला लागली तसा पुतण्या म्हणाला, “आजी, पुणतांब्याला घ्यायची का? भाच्यांना भेटून येऊ.”

“तिथं कोन हाय आता? त्या बाईच्या हापिसात ने.”

त्यांना पायरी चढता येत नव्हती म्हणून दोघा-तिघांनी खुर्चीत बसवून खुर्चीसकट आत नेलं. बाई उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी आधी फळी बघितली. खुंट्या मोजल्या.

“पान्याची कुठली हुती?”

बाईंनी बोट दाखवलं.

“तवापासनं किती बाळतपनं झाली तिथं?”

दुसऱ्या कुणी असं काही विचारलं असतं तर बाईंनी आकड्यासाठी ग्रामसेवकाकडं बघितलं असतं. ह्याला त्यांनी बघितलं नाही. “सात,” म्हणाल्या.

आत्याबाईंनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली, एकेक करून, सातपर्यंत.

“माजी बहीन एकच हुती.”

बाई म्हणाल्या, “होय.”

एवढंच. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं एखादं वाक्य तयार असायचं. त्या दिवशी नव्हतं.

मग बाईंनी मागं वळून हिरवी पिशवी खुंटीवरून काढली, कागद काढून टेबलावर ठेवले आणि पिशवी आत्याबाईंच्या पुढं धरली. मला वाटलं, आत्याबाई घेणार नाहीत. पण त्यांनी घेतली. मांडीवर ठेवली, उलटीपालटी केली, जरीच्या काठावरून दोन बोटं फिरवत मशीनची टीप जिथं होती तिथं थांबल्या, आणि बाईंकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाल्या,

“चांगली शाल हुती. कापायला नको हुती.”